सगळ्यांची दुसरी पसंती

मागच्या वेळी तुम्ही मत कोणाला दिलंत ते मला सांगू नका. ते मत कोणाचं होतं, एवढं सांगा. तुमचं होतं, की तुमच्या डोक्यात बसलेल्या त्या ‘सामान्य मतदाराचं’, जो तुमच्यापेक्षा घाबरट आहे आणि ज्याला तुम्ही आयुष्यात कधी भेटला नाहीत?

हे विचारण्याचं कारण आहे. वेलिंग्टनच्या उत्तरेला, जॉन्सनव्हिलमध्ये, एका रविवारी सकाळी काही सुशिक्षित, सुस्वभावी मराठी माणसांनी एका टेबलाभोवती बसून आपापली मतं अशाच एका माणसाच्या नावे देऊन टाकली. मी त्या टेबलावर होते. त्यात एका घराचं काय झालं ते मी त्याच घरात राहून पाहिलं.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. मी नागपूरची. आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. वडील नोकरीवरून आले की चहा पिऊन चळवळीच्या कामाला जात आणि परत येताना छापखान्यातून ओली पत्रकं आणत. मी त्यांच्यावरून वाचायला शिकले. त्यामुळे मला ‘ससा’ आणि ‘बदक’ यांच्या आधी ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. वडील ज्या उमेदवारांचं काम करत ते पडत. दर वेळी पडत, आणि बहुतेक वेळा अनामत रक्कमही जप्त होई. निकालाच्या संध्याकाळी वडील घरी येऊन हातपाय धुऊन व्यवस्थित जेवत. मी एकदा विचारलं, “बाबा, तुम्हाला वाईट नाही वाटत?” म्हणाले, “मला जे पाहिजे होतं ते मी मागितलं. त्यांना नाही म्हणावं लागलं. मी मागितलंच नसतं तर त्यांना तेवढेही कष्ट पडले नसते.”

पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत वडिलांनी एक पत्रक काढलं होतं. त्यात पसंतीक्रमाने मत कसं द्यायचं ते चित्रासकट समजावलेलं होतं. नावापुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. ज्याला एक नंबरची मतं सगळ्यात कमी, तो बाद. मग त्याला एक नंबर देणाऱ्यांचा दोन नंबर मोजायचा. मी शाळेत होते, पण ती पत्रकं मी दारोदार वाटली होती आणि लोकांनी विचारलं तर समजावूनही सांगितलं होतं. दोन नंबरचं मत म्हणजे अर्धं मत नव्हे, एवढं मला तेव्हापासून पक्कं माहीत आहे.

न्यूझीलंडला आले तेव्हा मी पंचविशी नुकती ओलांडली होती. एका सरकारी खात्यासाठी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम मिळालं आणि राहायला ताईच्या घरातली मागची खोली. ताई सख्खी नव्हे. ती अमरावतीची, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिचे मिस्टर, म्हणजे माझे भाऊजी, स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूकंपानंतर ख्राइस्टचर्च नव्याने बांधलं जात होतं, तिथे त्यांचं काम. सोमवारी सकाळी विमानाने जायचे आणि शुक्रवारी यायचे. मधले दिवस घरात ताई, मी आणि छोटी. छोटी चार वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

घर टेकडीच्या दक्षिण उतारावर होतं. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, हे आपल्या लोकांना घर घेऊन झाल्यावर कळतं. हिवाळाभर आमच्याकडे उन्हाचा कवडसासुद्धा पडत नसे. सकाळी उठलं की खिडक्यांच्या काचा आतून ओल्या. ताई जुन्या टॉवेलने त्या पुसायची, टॉवेल पिळायची आणि मग डबे भरायला घ्यायची. छताच्या आत इन्शुलेशन नव्हतं. जमिनीखालीही नव्हतं. छोटीच्या पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरायची. घासून काढली की आठवड्याभरात पुन्हा त्याच जागी. जून लागला की छोटीची छाती भरायची आणि रात्री तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. ताई तिला मांडीवर उभी धरून निळ्या पंपाने औषध द्यायची. छोटी तोंडावरचा मास्क ढकलत म्हणायची, “नो मोअर, आई.” तेवढा एक शब्द मराठी.

आता घर कोणाचं, ते सांगते. घर काकांचं होतं.

काका पुण्याचे. वीसेक वर्षांपूर्वी आलेले, आयटीत मोठ्या हुद्द्यावर. स्वतः टेकडीच्या उत्तर अंगाला राहायचे, जिथे दिवाणखान्यात दुपारी पडदे ओढावे लागत. माणूस दिलदार, यात खोट नाही. ताई-भाऊजी नवीन आले तेव्हा इथल्या ओळखीपाळखीशिवाय कोणी घर देईना. काकांनी दिलं. चाव्या हातात ठेवल्या आणि काकूंनी वर पुरणपोळ्यांचा डबा दिला. त्या डब्याखाली ताई कायमची दबली. भिंतीचं तिने काकांना एकदाच सांगितलं. ते हसले. “अगं, खिडक्या उघडत जा. आपल्याला फोडण्या घालायची सवय, वाफ कोंडते घरात.” त्यानंतर ताईने थंडीत खिडकी उघडी ठेवून फोडण्या घालायला सुरुवात केली. भिंत होती तशीच राहिली.

आणि हेच काका पक्षाचे आमच्या भागातले कार्यकर्ते. पक्ष कुठला ते महत्त्वाचं नाही. कामगारांचा, भाडेकरूंचा, गरिबांचा म्हणवणारा पक्ष होता. मराठी मंडळींना सभासद काकांनीच केलं होतं, दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलाशेजारी बसून. मी सभासद झाले तेव्हा म्हणाले, “छान. तुमच्याकडच्या लोकांची भाषणं जोरदार असतात. आपल्याला हवीच आहेत.” तुमच्याकडच्या म्हणजे कुठल्या, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

त्या वर्षी पक्ष सार्वत्रिक निवडणूक हरला. नेत्याने राजीनामा दिला. नवा नेता निवडायचा तर खासदारांची मतं, कामगार संघटनांची मतं आणि आम्हा सभासदांची मतं. आम्हाला घरी पोस्टाने मतपत्रिका येणार होत्या. उमेदवार तीन. एक बाई, आधी नर्स असलेल्या. एक उंच, गुळगुळीत गृहस्थ, ज्यांना आम्ही घरात टायवाला म्हणत असू. तिसरे इतके सावध होते की ते काय बोलले हे सभेतून बाहेर पडेपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नसे.

तिघांची सभा जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये झाली. मी, ताई आणि छोटी तिसऱ्या रांगेत. नर्सबाई उठल्या. कागद न बघता बोलल्या. त्या वॉर्डात होत्या तेव्हा हिवाळ्यात मुलं यायची, बरी व्हायची, आणि त्या स्वतः त्यांना गुंडाळून त्याच ओल्या घरात परत पाठवायच्या. “मी नेता झाले तर भाड्याचं प्रत्येक घर उबदार आणि कोरडं असणं हा कायदा असेल,” त्या म्हणाल्या. “तपासणी होईल. घरमालकाची मर्जी विचारली जाणार नाही.” ताईने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने छोटीचा हात घट्ट धरला होता. छोटी म्हणाली, “आई, यू आर स्क्विशिंग मी.”

मग टायवाला उठला. त्याने घरमालक आणि भाडेकरू दोघांचंही ऐकून घेण्याचं आश्वासन दिलं. छान दात होते.

घरी येताना चढावर ताई मधेच थांबली. मला वाटलं दम लागला. ती म्हणाली, “कायदा झाला तर काकांना कोणी सांगायला जावं लागणार नाही ना? सरकारकडूनच पत्र जाईल?”

“सरकारकडूनच जाईल.”

“म्हणजे मी तक्रार केली असं होणार नाही.”

“नाही होणार.”

“मग हीच बाई पाहिजे,” ताई म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली. मी तिला इतकं हलकं चालताना पूर्वी पाहिलं नव्हतं. चांगल्या घरच्या माणसाला, ज्याने आपल्याला पहिल्या दिवशी आसरा दिला, त्याला ‘तुमची भिंत माझ्या लेकीला आजारी पाडते’ असं तोंडावर सांगणं ताईला या जन्मात जमणार नव्हतं. तिला एक कायदा हवा होता, जो तिच्या वतीने हे वाक्य बोलेल. लोकांना राजकारण कशाला लागतं, याचं याहून स्वच्छ उत्तर मी आमच्या पलंगाखालच्या कुठल्याही पत्रकात वाचलेलं नाही.

पुढचे दोन आठवडे मी जिथे जाईन तिथे एकच वाक्य ऐकलं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, ऑफिसच्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेताना. बाई उत्तम आहे, पण निवडून येणार नाही. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे आपल्याकडे तिकीटवाटपाच्या दिवसांत वर्तमानपत्रात छापून येतं आणि तिथे त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही माहीत असतो: गाड्या किती, पोरं किती, कोणाचा हात डोक्यावर. इथे तोच शब्द इस्त्री करून वापरत होते. अर्थ विचारला की सगळे हात लांब करून दूर कुठेतरी दाखवायचे. मला आवडते गं, पण सामान्य किवी माणूस बाईला मत देणार नाही. मला पटतं सगळं, पण गावाकडचा गोरा शेतकरी घाबरेल. एकालाही स्वतःचा आक्षेप नव्हता. सगळे दुसऱ्याच्या भीतीची चिठ्ठी खिशात घेऊन फिरत होते.

मी ठरवलं, सामान्य किवी माणसालाच विचारू. तो आमच्या कुंपणापलीकडे राहायचा. निवृत्त पोस्टमन, बायको वारलेली, हिवाळ्यातही जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बागेत. पक्षाचा जुना सभासद. छोटी त्याच्या लिंबाच्या झाडाखालची लिंबं वेचून आणायची आणि तो कधी काही म्हणायचा नाही. मी कुंपणाशी गेले आणि विचारलं, तुमचं मत कोणाला?

“ती नर्स मला फार आवडते,” तो म्हणाला. “माझी बायको असती तर तिने घरावर तिचा फलक लावला असता.”

“मग एक नंबर तिला?”

त्याने फावडं जमिनीत रोवलं. “नाही. ती निवडून येणार नाही ना.”

“का?”

तो जरा अवघडला. “वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुम्ही बाहेरून आलेले लोक असल्या तिखट बाईला मत देणार नाही, असं पक्षाच्या शाखेत सगळे म्हणतात. तुमच्याकडे घरं घ्यायची फार हौस, त्यामुळे भाडेकरूंचं बोललेलं तुम्हाला चालत नाही. आणि तुमच्याशिवाय पक्ष कसा जिंकणार?”

मी हसले. आम्ही त्याच्या भीतीने बाईंना सोडत होतो आणि तो आमच्या. मी त्याला सांगितलं की आम्हाला बाई हव्यात, निदान आमच्या घराला तरी. त्याने मान हलवली, “स्वीट अ‍ॅज,” म्हणजे छानच की, म्हणाला, आणि मला चार लिंबं दिली. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्यासारख्या एकीचं खरं बोलणं आणि शाखेत सगळे म्हणतात ते, यांत माणसं शाखेतलंच धरून चालतात.

मग मतपत्रिका आल्या आणि काकांनी नाश्त्याला बोलावलं. मराठी माणूस परदेशात कुठलाही फॉर्म एकट्याने भरत नाही. व्हिसाचा असो, कराचा असो, मुलाच्या शाळेचा असो, चार जण एका टेबलाशी बसतात, एक जाणकार पुढे होतो आणि बाकीचे त्याच्यासारखं भरतात. गुप्त मतदानाच्या पत्रिकेचंही आम्ही तेच केलं. “सगळे आपापली पाकिटं घेऊन या, उपमा आहे,” असा निरोप होता. आम्ही गेलो. टेबलावर उपमा, कोथिंबीर-खोबरं, आणि मध्ये एका पेल्यात सहा-सात पेनं. सत्यनारायणाच्या प्रसादाला थांबावं तसे लोक आपल्या पाळीची वाट पाहत होते. भाऊजींची पत्रिका ताईच्या पिशवीत होती. त्या शनिवार-रविवारी ते ख्राइस्टचर्चहून आले नव्हते. फोनवर म्हणाले होते, “तू ठरवशील तसं.”

काका टेबलाच्या टोकाला बसले होते. “ऐका,” ते म्हणाले. “बाई आपल्या सगळ्यांनाच आवडतात. मला तर सगळ्यात जास्त. म्हणून मी म्हणतो, तिचाही मान राखू. टायवाल्याला एक, बाईंना दोन. दोन म्हणजे तिलाही मत मिळालंच की. आणि पक्षही जिंकेल.”

“काका, तसं नसतं,” मी म्हणाले. “दोन नंबर तेव्हाच मोजतात, जेव्हा तुमचा एक नंबरवाला बाद होतो. टायवाला बाद होणार नाही. मग बाईंना दिलेले सगळे दोन कोणी बघणारसुद्धा नाही. उलटं करा. बाईंना एक, त्याला दोन. बाई बाद झाल्या तर तुमचं मत आपोआप त्याला जातं. काहीही वाया जात नाही.”

“थिअरीत बरोबर आहे.”

“मोजणी थिअरीतच करतात, काका.”

दोघंतिघं हसले. काकाही हसले. त्यांना राग कधीच येत नसे, ही त्यांची सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. “अगं बाळ, पहिल्या फेरीचे आकडे बाहेर पडतात. बाईंना खूप दिसले तर पेपरवाले म्हणतील, पक्ष डोक्यावर पडला. इमेज म्हणून काही असतं. तू तरुण आहेस. जिंकल्याशिवाय काय करणार तुझी तत्त्वं घेऊन?”

काकू आतून म्हणाल्या, “आधी उपमा खा रे, गार होतोय. मग भांडा.”

“काका,” मी म्हणाले, “ज्याला भाड्याच्या ओल्या घरात राहावं लागतं, त्याला तुमचा टायवाला जिंकून काय मिळणार?”

ते घर कोणाचं हे तिथल्या बऱ्याच जणांना माहीत होतं. मी पुढचं वाक्य बोलणार होते. भिंतीचं, टॉवेलचं, निळ्या पंपाचं. ताईने माझ्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी जे सांगितलं ते एखाद्या हट्टी माणसालाही कळलं असतं. भिंत तिची होती, लेक तिची होती. मी उपम्यात चमचा फिरवत राहिले.

काकांनी ते मौन उचलून आपल्या बाजूला घेतलं. “मिळेल ना. हळूहळू मिळेल. आधी सत्ता. आणि घरमालक म्हणजे काही राक्षस नसतात.” ताईकडे बघून ते प्रेमाने म्हणाले, “काय गं? आम्ही तुला काही कमी पडू दिलंय?”

“नाही काका,” ताई म्हणाली.

मग पेनं वाटली गेली. मी माझ्या पत्रिकेवर बाईंना एक लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि स्वतःच्या पिशवीत टाकलं. बाकीची पाकिटं काकांनी गोळा केली. सोमवारी ऑफिसला जाताना पोस्टात टाकतो म्हणाले, आणि टाकली. त्या बाबतीत अत्यंत प्रामाणिक माणूस.

निकाल लागला. नर्सबाई पहिल्याच फेरीत बाद झाल्या. तो जो सावध गृहस्थ होता, त्यालासुद्धा त्यांच्यापेक्षा जास्त मतं होती. टायवाला नेता झाला. त्यानंतरच्या आठवड्यात मला जो भेटला तो हळहळला. मराठी मंडळात, शाखेत, कुंपणापलीकडे. “अरेरे, मी तर तिला दोन नंबर दिला होता.” हे सगळे अभिमानाने सांगत, जणू बाईंच्या खात्यात काही जमा केलं होतं. त्या सगळ्यांच्या दुसऱ्या पसंतीच्या होत्या, अगदी सगळ्यांच्या, आणि त्या सगळ्या पसंत्या मोजल्या न जाता पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून राहिल्या. ज्याला त्या खरंच नको होत्या असा माणूस मी शोधत होते. शपथेवर सांगते, सापडला नाही.

टायवाल्याने भाड्याच्या घरांबद्दल एक समिती नेमली. समितीने घरमालकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, रंगीत चित्रं असलेल्या. त्यांतली एक सूचना होती: खिडक्या उघडत चला. पुढच्या निवडणुकीत तो हरला. जिंकणं हा त्याचा एकुलता एक गुण होता.

पण ते नंतर. आधी पुढचा हिवाळा आला. जुलैत एका दुपारी बालवाडीतून फोन आला. छोटीचे ओठ निळसर दिसत होते, त्यांनीच रुग्णवाहिका बोलावली होती. ताई तिच्याच हॉस्पिटलात, दोन मजले उतरून, लेकीला भेटायला धावली. मी पोचले तेव्हा छोटीच्या नाकात नळी होती आणि ताई कामाचा पांढरा कोट घालूनच खुर्चीत बसली होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, घरी ओल आहे का? प्रश्न नेहमीचा होता, तो ते सगळ्यांनाच विचारत. ताई म्हणाली, “थोडी.”

डॉक्टर गेल्यावर ती माझ्याकडे न बघता बोलली. “मी तिला दोन नंबर दिला गं.”

मला कळलं नाही. “कोणाला?”

“बाईंना. यांच्या पत्रिकेवर पण. काका समोर बसले होते. आणि मला वाटलं, एवढे सगळे आहेत, बाकीचे देतील एक.”

त्या दिवसापर्यंत माझा सगळा तिरस्कार काकांसाठी होता आणि उरलेला त्या पेल्यातल्या पेनांसाठी. ताईला मी त्यातून वगळलं होतं. आता तिला त्यात घालायचा मी प्रयत्न केला आणि मला जमलं नाही. जिला ती बाई सगळ्यात जास्त हवी होती, तिनेच आपलं मत एका काल्पनिक माणसाला देऊन टाकलं, कारण खरा माणूस टेबलाच्या टोकाला बसून तिला प्रेमाने काही कमी पडलंय का विचारत होता. मी तिचा हात धरला नाही. छोटी झोपेत खोकली, तेव्हा आम्ही दोघी उठलो.

काका भेटायला आले. काकूंनी मऊ खिचडी दिली होती. सोबत त्यांनी घरासाठी एक यंत्र आणलं होतं, हवेतली ओल शोषून घेणारं, नवंकोरं. “हे लावा तिच्या खोलीत,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. या माणसाला छोटीबद्दल माया होती. भिंत दुरुस्त करण्याइतकी नव्हती, यंत्र आणण्याइतकी होती. पक्षाबद्दलही त्यांची माया त्याच मापाची होती.

छोटी घरी आली. यंत्र रोज भांडंभर पाणी काढायचं आणि ताई ते सिंकमध्ये ओतायची. वसंत लागता लागता भाऊजींनी ब्रिस्बेनमध्ये नोकरी घेतली. ख्राइस्टचर्चचं काम अर्धवट सोडून गेले, आणि त्या कामावर त्यांचा जीव होता. निघायच्या दिवशी ताईने चाव्या काकांच्या हातात परत दिल्या, पाया पडली आणि काकूंचा डबा घासूनपुसून परत केला. भिंतीबद्दल ती तेव्हाही बोलली नाही. मी दुसरीकडे राहायला गेले. आता फोनवर छोटीचा आवाज ऐकते तेव्हा वाक्याच्या शेवटी ती श्वास घ्यायला जरा थांबते. ताई म्हणते, तिथे ऊन आहे, बरी आहे, पंप मात्र अजून लागतो.

पुढे काही वर्षांनी भाड्याच्या घरांचे नियम आलेच. दुसऱ्या लोकांनी आणले, आणि तेव्हा सामान्य किवी माणूस घाबरून मेला वगैरे काही झालं नाही. काकांनीही इन्शुलेशन बसवून घेतलं. परवा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते व्यासपीठावरून सांगत होते की आपण या प्रश्नावर पहिल्यापासून आग्रही होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. छोटीच्या खोलीत आता दुसऱ्या कोणाचं तरी मूल कोरड्या भिंतीशेजारी झोपतं, आणि मला त्याचा आनंद आहे. हा नियम त्या बाई आणू शकल्या असत्या, तेही छोटीच्या छातीला उपयोग झाला असता अशा वेळी, हे मात्र मी विसरायला तयार नाही.

पक्षात पुन्हा नेतृत्वाची कुजबुज सुरू झाली आहे. पुन्हा एक जण आवडतो आणि पुन्हा तो निवडून येणार नाही म्हणतात. म्हणून तुम्हाला एक काम सांगते. मतपत्रिका येण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात एका माणसाला गाठा, ज्याच्यासमोर बोलायला तुम्हाला अवघड वाटतं अशाच माणसाला: घरमालकाला, साहेबाला, काकांना. त्याला सांगा की मला अमुक हवा आहे, आणि माझ्या घरात काय बिघडलंय म्हणून हवा आहे. वाक्य तिथेच संपवा. पुढे ‘पण’ येईल तोंडाशी. तो गिळा.